ट्रॉलीचं गाऱ्हाणं

अनंत नारळ घेऊन राखणदार देवाच्या दगडापुढे उभा राहिला, तेव्हा पोरं ट्रॉलीत केव्हाचीच बसली होती. पाऊस सरला की हरमलच्या किनाऱ्यावरची ही खेळांची बाग उघडायची. आधी देवाला गाऱ्हाणं, मग पहिली फेरी.

सगुण रुळावरची वाळू अजून पायाने सारत होता. माहेरपणाला आलेली त्याची लेक श्रद्धा आठ महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन शेवटच्या ट्रॉलीला टेकली होती. बाळाचीही आज पहिलीच फेरी.

"बाबा, चल ना. काका खोळंबलेत."

"तेचा गाऱ्हाणा ताच माजा गो," असं म्हणत सगुण आला आणि हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला.

जागा अनंतची, रूळ, ट्रॉल्या, पाळणे सगुणचे. एकाच्या होकाराशिवाय दुसऱ्याने काही करायचं नाही, हे दोघांनी बावीस वर्षांपूर्वी याच दगडापुढे बोलून ठरवलेलं. कागद कुणी केला नव्हता.

"बा देवा राखणदारा," अनंतने सूर लावला, "हंय साधो झोपाळो पण नव्हतो, तेव्हा ह्या सगुणान मुळगावच्या खाणीवरल्यो भंगारातल्यो ट्रॉल्यो हाडल्यो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेले म्हणाले.

"दर्यान दोनदा रूळ व्हावन न्हेले. तेणी दोनदा परत घातले म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेवा जी पोरां बसली, आज तेंची पोरां बसली आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

श्रद्धाला हसू आलं. तोंडावर कुणी वाखाणलं की बाबाचे कान लाल व्हायचे. आताही झाले होते.

"आता ह्यो सगुण थकलो. ही जागा आमी दोघांनी राजीखुशीन हॉटेलवाल्यांका दिली. तेंका बरकत दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगुण म्हणाला.

या वेळी त्याचा एकट्याचाच आवाज आला.

नारळ फुटला. सगुणने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"आता काय म्हणालंस तू?"

"तूच व्हय म्हणालंस, सगुणा. देवासमोर." अनंत खाली बघून ताटात खोबऱ्याचे तुकडे करत होता. "गणपतीच्या चवथीपासून विचारूचा म्हणत होतंय. पण तू आयकलं नसतंस."

ट्रॉलीतली पोरं फेरीची वाट बघत चुळबुळत होती.

"बावीस वर्सां तू गाऱ्हाणा घालतंस," सगुण म्हणाला. "मी एकदाव नीट आयकाक नाय. तू घालतंस म्हणान."

अनंतने पहिला तुकडा त्याच्यापुढे धरला. सगुणचा हात पुढे आला नाही. अनंत जरा घुटमळला, मग श्रद्धाकडे वळला. बाळाने हात पसरलेलाच होता. अनंतने तुकडा बाळाच्या तळव्यावर ठेवला.

"प्रसादाक कोण नाय म्हणत नाय गो, बाय."

बाळाने मूठ गच्च मिटली. श्रद्धाने आधी करंगळी उघडली, मग एकेक बोट, त्याला दुखू नये अशी, हळूच. तुकडा काढून तिने अनंतच्या ताटात परत ठेवला.