पुढचा प्रश्न

शाल्मली येरझाऱ्या घालत स्त्रीरोगशास्त्राची उजळणी करत होती. धाकटी ऋता पुस्तकातून प्रश्न विचारत होती.

"सोळाव्या वर्षापर्यंत मुलीला पाळी आली नाही, तर काय करायचं?"

शाल्मलीनं तपासण्या घडाघडा सांगितल्या. ऋतानं पान उलटलं नाही.

"तपासताना दुखतं का?"

"हे परीक्षेत विचारत नाहीत गं. पुढचा घे."

"ताई, माझं सोळावं सरलं. मला अजून आलेलीच नाही. आईनं विचारलं तेव्हा आली म्हणून खोटंच सांगितलं."

शाल्मली थांबली. दर महिन्याला पोट धरून झोपणारी ऋता तिला आठवली.

"उद्या पेपर सुटला की डॉक्टरांकडे जाऊ. आईशी मी बोलते."

"काळजीचं काही नाही ना?"

"नाही गं," शाल्मली म्हणाली. तपासणीत काय काय निघू शकतं, ते तिनं सकाळीच पाठ केलं होतं.