वेंडेलची बादली

टण्ण! चाळिसावा चेंडूही जाळीत जाऊन आदळला. चाळीसपैकी चाळीस, एकही चुकला नाही. बादलीवर बसून चेंडू टाकणाऱ्या वेंडेलची छाती फुगली. बॅट घेऊन उभी असलेली त्याची अकरा वर्षांची लेक टॅलिया मात्र हसली नाही.

हसेल कशी? सरावात ही पोरगी वाघीण आणि सामन्यात भिजलेलं मांजर. सलग नऊ वेळा बॅटला चेंडू न लागताच ती बाद झाली होती. काल जेवताना तळलेली भेंडी बाजूला सारून तिनं बापाला सांगून टाकलं होतं, शनिवारच्या सामन्यात चेंडू लागला नाही तर सॉफ्टबॉल बंद. कायमचा.

ओक्लाहोमातल्या आमच्या गावात बापाचं नशीब ठरलेलं असतं. मुलीनं बॅट धरली की तो एक पांढरी बादली आणतो, तिच्या झाकणावर गादी चिकटवतो आणि पुढची सात-आठ वर्षं तिच्यावर बसून चेंडू टाकत राहतो. वेंडेलनं तीन वर्षांत दोन बादल्या फोडल्या होत्या. दिवसभर गव्हाच्या कोठारावर ट्रक रिकामे करायचे आणि संध्याकाळी न चुकता शंभर चेंडू टाकायचे. इतक्या मायेनं चेंडू टाकणारा बाप पंचक्रोशीत नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करत.

कोच नॅडीन दहा मिनिटं त्याच्या मागे उभी होती. बाई साठीची, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया, आणि कौतुक करायचं तर जिवावर येणार. पोरींचे तीन गट करून ती दर सहा मिनिटांनी शिट्टी मारायची. एक गट दांडीवर ठेवलेला चेंडू मारणारा, दुसरा अगदी जवळून चेंडू टाकणाऱ्या बादलीवाल्यांपुढे, तिसरा समोरच्या जाळीच्या आडोशामागून येणारा चेंडू मारणारा. आज ती शिट्टी मारायची विसरली होती. ती टॅलियाकडे बघतच नव्हती. वेंडेलच्या हाताकडे बघत होती.

“वेंडेल, चेंडू हातातून कधी सोडतोस तू?”

“ती तयार झाली की.” त्यानं अभिमानानं सांगितलं. “पुढचा पाय तिनं जमिनीवर टेकवला, की सोडतो.”

नॅडीननं टरफलं थुंकली. “आणि शनिवारी चेंडू टाकणारी पिचर काय तिच्या पायाची वाट बघत थांबणार आहे?”

वेंडेलचा चेहरा पडला. तीन वर्षं तो समजत होता पोरगी चेंडू मारतेय. अरे देवा, तो चेंडू तिच्या बॅटवर नेऊन ठेवत होता! आणि म्हणूनच सामन्यात ती पिचरकडे कमी आणि जाळीपलीकडच्या बापाकडे जास्त बघायची.

नॅडीननं त्याची बादली उचलली, टॅलियाच्या समोर सात पावलांवर, जाळीच्या आडोशामागे नेऊन ठेवली आणि त्याला तिच्यावर बसवलं. मग त्याची टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली, पार नाकापर्यंत. आता मनाला येईल तेव्हा टाक म्हणाली. रांगेतल्या पोरी खिदळायला लागल्या.

धप्प. चेंडू टॅलियाच्या मागच्या तारेच्या कुंपणावर. पुन्हा धप्प. एक लवकर आला, एक रेंगाळत आला, एक तिच्या गुडघ्याशी. पंधरा चेंडू गेले आणि टण्ण काही ऐकू येईना. प्रत्येक धप्प वेंडेलच्या छातीत बसत होता. सोळाव्याला त्याचा हात हळूच टोपीकडे गेला.

“टोपी वर केलीस ना डॅडी,” टॅलिया दात आवळून म्हणाली, “तर घरी चालत जाशील.”

हात खाली आला. सतरावा गेला. अठरावा गेला. एकोणिसाव्याला तिनं आपल्या पायाचा विचार सोडला आणि बापाच्या मनगटाकडे नुसती टक लावली. टण्ण! चेंडू आडोशावरून, वेंडेलच्या डोक्यावरून, थेट गवतात. रांगेतल्या पोरी नाचायला लागल्या. त्या संध्याकाळी तिनं चाळीसपैकी अकरा मारले. फक्त अकरा. आणि घरी जाताना ट्रकमध्ये ती त्या अकराच्या अकरा चेंडूंची गोष्ट सांगत होती, श्वासही न घेता.

शनिवारी शेवटची इनिंग आली. एका धावेचा प्रश्न, तिसऱ्या बेसवर आपली एक पोरगी, आणि बॅटिंगला टॅलिया. डगआउटमधल्या पोरी घसा फाडून गाणी म्हणत होत्या, बाकं बडवत होत्या. समोरची पिचर ताडमाड उंच, हात पवनचक्कीसारखा फिरवणारी. पहिला स्ट्राईक. दुसरा स्ट्राईक. पहिल्या चेंडूला उशीर झाला, दुसऱ्याला घाई. आता एकच उरला, तोही हुकला की बाद.

टॅलियानं सवयीनं जाळीकडे बघितलं. बाप नेहमीच्याच जागी होता, पण त्याची टोपी नाकापर्यंत खाली आली होती. शेजारचा माणूस त्याला विचारत होता, चक्कर येतेय का, पाणी आणू का. वेंडेलनं नुसती मान हलवली. दोन्ही हातांनी त्यानं जाळी घट्ट धरली होती.

ती वळली आणि पिचरच्या मनगटाकडे बघू लागली.

टण्ण!

मग जो आरडाओरडा झाला त्यात वेंडेलला काही कळेना, इतकंच कळलं की लोक त्याची पाठ बडवतायत आणि कोणाचे तरी नाचोज त्याच्या बुटांवर सांडलेत. टोपी वर करायचं भान त्याला राहिलंच नाही. ती वर केली टॅलियानंच. हेल्मेट वाकडं, दातांना लाल माती, आणि हसू मावत नव्हतं.

“डॅडी, पाहिलंस?”

“नाही गं,” वेंडेल डोळे पुसत म्हणाला. “म्हणून तर लागला.”