शेकायच्या सहा पिशव्या

"पुस्तकात या पिशव्या चपट्या दाखवल्यात. चपट्याच का?" तपासनीस साहेबांनी बाईंना विचारलं.

टेबलावर शेकायच्या सहा रबरी पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या. हे नववीच्या वर्गाचं गॉल्गी संकुल. पेशीत कच्ची प्रथिनं इथे येतात, एकेका पिशवीतून पुढे सरकत तयार होतात आणि छोट्या पुड्यांत बांधून बाहेर रवाना होतात. बाईंनी गल्लीभर हिंडून पिशव्या गोळा केल्या होत्या. सहा कमरा त्या दिवशी शेकाविना राहिल्या. पिशव्या नळ्यांनी जोडून प्रत्येकीला आतून रंगाची पूड चोळली होती. वरून साधं पाणी ओतायचं, खालून रंगीत पाणी फुग्यात घ्यायचं.

पण खाली जे आलं ते जवळजवळ साधंच पाणी होतं. मागच्या बाकावर खसखस पिकली.

चार वर्षं बाई हंगामी होत्या. आजचा पाठ जमला तर कायम, नाहीतर घरी. 'चपट्या पिशव्यांची चळत' हे वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. पण चपट्या का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"का?" साहेब पुन्हा म्हणाले. त्यांचं पेन उघडंच होतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. एक हात कमरेवर, एक हात भिंतीवर, अशी बाईंची मावशी आत आली.

"माझी पिशवी दे आधी! सकाळपासून वाकडी झालेय मी."

"मावशी, अगं पाठ चाललाय..."

"चालू दे की." मावशीनं चळतीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, एवढी टम्म भरतात होय? मधलं पाणी मधेच राहतं, कशाला लागतच नाही. निम्मं काढून चपटी करायची, मग कसं सगळं अंगाला लागतं!"

आणि दाखवायला म्हणून तिनं चळतीवर दोन्ही हातांनी भार टाकला. खालची नळी निसटली. गडद गुलाबी पाण्याची चिळकांडी थेट साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

बाई त्या गुलाबी डागाकडे बघतच राहिल्या. मग खडू घेऊन फळ्याकडे धावल्या.

"बघा रे! काम करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पिशवीत असतात, कितीतरी तर तिच्या भिंतीलाच! पिशवी चपटी, म्हणून आतला माल भिंतीला भिडतो. पिशव्या वेगवेगळ्या, म्हणून एकीचं काम दुसरीत मिसळत नाही!" चार वर्षांत त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या. मागचा बाकसुद्धा उभं राहून बघत होता.

मावशी आपली पिशवी सोडवून कधीच निघून गेली होती.

तास संपला. साहेबांनी ओल्या बाहीनंच 'कायम करावे' असं लिहून सही ठोकली. बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. "साहेब, माफ करा, उत्तर मला खरंच येत नव्हतं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मला तरी कुठे येत होतं? अठरा वर्षं शाळाशाळांतून विचारत फिरतोय."