पानसे प्रमेय

"सर, आज स्टेजवर तुम्ही खरं बोला. नाहीतर मी बोलते," मृदुला म्हणाली.

बाहेर चिंचवडच्या सभागृहात प्राध्यापक हरिहर पानशांच्या एकसष्टीला गणिताची सगळी मंडळी जमली होती. सत्कारानंतर सरांचं व्याख्यानही होतं. आतल्या खोलीत सर शांतपणे बशीतली कॉफी फुंकत होते.

एकाहत्तर साली मृदुला त्यांच्या हाताखाली संशोधन करत होती. प्रमेय तिचं, सिद्धता तिची. छापून आलं ते एकट्या सरांच्या नावानं. सर विद्यापीठात विभागप्रमुख झाले. ती पिंपरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवत राहिली. कारखान्याच्या दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला की तिचा अर्धा वर्ग उठून कामाला जाई. कुणी 'पानसे प्रमेय' म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"काय हवंय तुला?"

"माझं नाव. तुमच्या शेजारी असलं तरी चालेल."

"शेजारी कशाला? एकटीचंच घे. मी एक ओळही लिहिली नव्हती."

मृदुलाचा संताप दुणावला. इतकं सोपं होतं, तर नऊ वर्षं का जाळली माझी?

"हे चारचौघांत सांगाल?"

"सांगेन. पण लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं शिष्येला आहेर केला. तूही ठणकावून सांग."

दाराबाहेर शैला उभी होती. तिच्याच कॉलेजातली सहकारी. "काय गं, नाही म्हणाला ना थेरडा?"

"हो म्हणाला."

"म्हणजे भांडायलाही जागा ठेवली नाही मेल्यानं!"

सत्कार झाला. सरांनी शाल-श्रीफळ बाजूला ठेवलं आणि खरोखरच सगळं कबूल केलं. मृदुलानं माइक जवळजवळ ओढूनच घेतला.

"एकेक ओळ माझी आहे," ती म्हणाली. "प्रत्येक पायरी मी तपासली आहे. सरांचा यात काडीचाही वाटा नाही. आजपासून याला माझंच नाव लागलं पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जास्त वेळ सरच वाजवत होते.

मग त्यांनी खडू उचलला. "तर मंडळी, ऐकलंत ना? प्रमेय बाईंचं," फळ्याकडे वळत ते म्हणाले. "आता ते खोटं ठरवणारं उदाहरण देतो. परवाच सापडलं मला."