गुणाजीची फळी

श्वेता मॅडमनी भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. वारसा समितीची माणसं अशी भिंतीला हात लावून गप्प उभी राहतात, हे गुणाजीला ठाऊक नव्हतं. बाई येतील, टेप लावतील, चार फोटो काढतील आणि जातील, असं तो धरून चालला होता. त्याला बाई एकदम आवडून गेल्या.

"म्हणजे ही दर्याकडची सगळी भिंत होड्यांची?"

"होड्यांचीच. दुसरं लाकूड नाय हिच्यात."

खारदांड्यातली ही जाळ्यांची वखार गुणाजीच्या घराण्याची. होडी म्हातारी झाली की ती भंगारात द्यायची नाही, ही इथली रीत. जिनं पोट भरलं तिला परक्यानं मोडायचं म्हणजे काय! ज्यानं ती चालवली त्यानंच ती मोडायची आणि तिच्या पुढच्या तोंडाची एक फळी या भिंतीत स्वतःच्या हातानं ठोकायची. दाराकडून पहिली पणजोबाची. मग त्याच्या भावांची, आजोबाची, चुलत्यांची, आणि शेवटची बापाची. तिच्यापुढे एक फळीभर जागा मोकळी होती. पाऊस आत येऊ नये म्हणून तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणला होता. त्यातल्या पुढाऱ्याचा अर्धाच चेहरा मावला होता, पण तेवढाही तो मनापासून हसत होता.

ती जागा गुणाजीची. त्यानं आपली होडी उन्हाळ्यातच मोडली होती. फळी कडांनी तासून, तेल पाजून दाराबाहेर दोन दगडांवर ठेवली होती. "बाबा, मॅडम यायच्या आधी ठोकून टाका ना, काय फरक पडतो?" असं त्याची लेक अक्षता रोज कानीकपाळी ओरडत होती. पण फळी चढवायची ती नारळी पुनवेलाच, दर्याला नारळ दिल्यावर. बापानं तसंच केलं, आजानं तसंच केलं. गुणाजी काय आभाळातून पडला होता? पुनव तर तोंडावर आली होती.

समितीकडे अर्ज अक्षतानंच केला होता. नव्या रस्त्याच्या आखणीत वखार जात होती. वारशाच्या यादीत नाव लागलं तरच ती वाचणार होती.

"ही वाचलीच पाहिजे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता. "मी तसंच लिहिणार आहे. फक्त एक लक्षात ठेवा, काका. आज आहे तशीच राहू द्या. नवा खिळासुद्धा नको. आमची माणसं दरवर्षी येऊन फोटोशी ताडून बघतात. काही नवं दिसलं तर नाव काढून टाकतात, आणि मग रस्तेवाल्यांना कुणी अडवू शकत नाही."

अक्षता पुढे झाली. "मॅडम, पण एकच फळी जर..."

"एकही नाही गं. आज एक, उद्या दुसरी. मग जुनं काय राहिलं त्यात?"

वादळात सापडला तेव्हाही गुणाजीला इतकं एकटं वाटलं नव्हतं. मागे भिंतीत आपली जागा आहे, एवढं त्याला दर्यावर पुरायचं. आता सगळं सांगावं, तर भिंतीत अजून एक फळी चढायची आहे, हे बाई जसंच्या तसं लिहिणार आणि नाव यादीत लागणार नाही. खोटं लिहिणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, तीच तर पंचाईत होती. आणि मग गुणाजीची एक फळी राहायची आणि बाप, आजा, पणजा सगळे डंपरमध्ये जायचे.

तेवढ्यात मॅडम फ्लेक्सपाशी गेल्या. कोपरा उचलून त्यांनी बाहेर पाहिलं. "ही जागा मुद्दाम सोडलेली दिसते. वाऱ्यासाठी असणार. जाळी सुकायला."

अक्षतानं बापाकडे पाहिलं.

"हां," गुणाजी म्हणाला. "वाऱ्यासाठीच."

"किती विचार करायची ही माणसं!" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी त्या मोकळ्या जागेचे दोन फोटो काढले. अक्षता काही बोलणार होती. गुणाजीनं तिचं मनगट धरलं आणि ती गप्प होईपर्यंत सोडलं नाही.

बाहेर दारापासून गल्लीपर्यंत चिखल झाला होता. मॅडम उंबऱ्यावर थबकल्या. त्यांची नजर दगडांवरच्या फळीकडे गेली. तिच्यावर निळा रंग होता आणि होडीच्या नावाची पुसट झालेली पांढरी अक्षरं.

"ही पण होडीचीच ना? ही कुठे लावायची आहे का?" वहीवर पेन टेकलेलंच होतं.

खारदांड्यात शेंबडं पोरसुद्धा होडीवर चढताना चपला काढून हातात घेतं. मोडलेल्या होडीच्या लाकडालाही कुणी पायताण लावत नाही. गुणाजी वाकला. त्यानं दोन्ही हातांनी फळी उचलली आणि चिखलावर आडवी टाकली, अक्षरांची बाजू वर करून.

"नाय वो. तुमच्यासाठीच आणून ठेवलीय," तो म्हणाला. "द्या पाय. सांभाळून, बूट भरतील."

मॅडम फळीवरून पलीकडे गेल्या, वळल्या आणि "थँक यू, काका," म्हणाल्या. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला अक्षता निघाली. तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि फळी सोडून, बाजूच्या घोटाभर चिखलातून गेली.