बोटीवरची कटकट

"अहो, जरा उजवीकडे. जास्त नको. म्हटलं ना, जास्त नको."

बोटीच्या पुढच्या टोकाला उभी राहून आई ओरडत होती. मागे सुकाणूचा दांडा धरून बसलेले बाबा ती सांगेल तशी बोट मुकाट्याने वळवत होते. मधे, शिडाच्या खांबाला टेकून लेक बसली होती आणि तिचे कान किटले होते.

सकाळी बंदर सोडल्यापासून आईचा हा पट्टा सुरू होता. शाळेत पोरांकडून कवायत करून घेण्यात तिचं आयुष्य गेलेलं. मैदानाच्या पार टोकाला पोचेल असा आवाज, आणि नवऱ्याशीही ती त्याच आवाजात बोलायची. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. अगदी गरीब गाय. लेक त्यांची लाडकी, पण दुसऱ्या शहरात राहणारी, भेट सुट्टीपुरती. आज मात्र ती लाड बाजूला ठेवून आली होती.

कारण आज बाबांची परीक्षा होती. गाडी चालवायचे परवाने देणाऱ्या कचेरीत लेक अधिकारी होती, माणसांना पास-नापास करण्यातच तिचा दिवस जायचा. या वयात दोघांनीच शिडाची बोट घेऊन बेटावर जायचं, तिथे नांगर टाकून मुक्काम करायचा, हा तिच्या मते शुद्ध म्हातारचळ होता. बोट विका, बोट विका, म्हणून ती वर्षभर कानीकपाळी ओरडली. दोघं ऐकतील तर शपथ. शेवटी आईच म्हणाली, "ये बरोबर. बाबांना बोट नीट आत नेता आली नाही, तर खुशाल वीक. आली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बेट समोर आलं. माडांची रांग, पांढरी वाळू आणि तिच्या कुशीत निवांत हिरवं पाणी. दुसरी एकही बोट नव्हती. पण त्या पाण्यात शिरायला वाट एकच, तीही अरुंद, आणि दोन्ही बाजूंना पाण्याखाली प्रवाळाचे खडक. तिथे तळ घासला की बोट गेलीच म्हणायची.

"डावीकडे घ्या. अहो, एवढं? निम्मं. हां. आता सरळ. सरळ म्हटलं ना, तिरकं कशाला जाताय?"

लेकीला बापाची दया आली. उभा जन्म बोट चालवलेला माणूस, आणि त्याला श्वास घ्यायची सोय नाही. असे पास झाले, तर ते कसलं पास होणं?

"आई, बास झालं," ती म्हणाली. "परीक्षेला बसलेल्याला शेजारच्याने सांगायचं नसतं. आता तू ब्र जरी काढलास तरी बाबा नापास, आणि बोट विकली."

आईने वळून पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. तिला कधी नव्हे ते गप्प बसवलं म्हणून लेकीला बरंच वाटलं.

बोट सरळ निघाली. पुढे वाट उजवीकडे वळत होती आणि नाकासमोर पाण्याखाली काळसर खडक होता. लेकीलासुद्धा तो स्वच्छ दिसत होता. आता वळवतील, आता वळवतील, म्हणून ती वाट बघत राहिली. बाबा हसऱ्या चेहऱ्याने समोर बघत होते. दांडा जागचा हलला नाही.

"का गं थांबलीस?" बाबांनी विचारलं.

आईने लेकीकडे पाहिलंदेखील नाही. "खड्ड्यात गेली तुझी परीक्षा," ती म्हणाली, आणि मग मैदानावरच्या आवाजात, "अहो, उजवीकडे. पूर्ण वळवा. आणखी. हां, आता धरा तसंच."

बोट गर्रकन वळली. खडक हातभर अंतरावरून मागे गेला. आतल्या निवांत पाण्यात पोचल्यावर आईने नांगर सोडला, साखळी खडखडत तळाला गेली आणि बोट जागच्या जागी थांबली.

लेक जागची उठली. ती बापासमोर जाऊन बसली आणि त्यांच्या चेहऱ्यापुढे तिने हात हलवला. ते आपले हसतच राहिले. रोज परक्यांचे डोळे तपासणाऱ्या लेकीला घरातलं हे कळलं नव्हतं. तिला रडू आलं, स्वतःचा रागही आला.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही."

"हिला दिसतं ना," बाबा म्हणाले. "मग झालं."