दोन वाजून दोन मिनिटं

"मशीनचं दार कुणीतरी उघडं टाकतंय," ताई म्हणाली. "पिल्लं अंड्यातच मरतायत. ही तिसरी खेप."

धाकट्या भावाने खांदे उडवले. "माझ्याकडे काय बघतेस? काकूंना विचार."

काकूंना विचारून झालं होतं. "मी निघते तेव्हा दार बंदच असतं, ताई," एवढंच म्हणून त्या पुन्हा अंडी पुसायला लागल्या होत्या.

उबवणीच्या खोलीत सकाळी कामाला काकू, दुपारनंतर धाकटा; या दोघांखेरीज दिवसभर कुणी फिरकत नसे. दुपारी दोनची बस यायची. तिच्यातून धाकटा उतरायचा, तिच्यातच काकू चढायच्या.

ताईने मशीनवर पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक बसवला होता. दार उघडलं की तो वेळ टिपायचा. पण वीज गेली की बिचाऱ्याचं डोकं रिकामं. परत आली की सकाळच्या गोष्टी मध्यरात्रीच्या म्हणून सांगायचा. आणि वीज तर रोज जायची.

मग ताईने शोधून शोधून सेलवर चालणारं घड्याळाचं सर्किट मागवलं. चार तारा जोडायच्या, नाण्याएवढा सेल घालायचा. दोनदा तारा उलट लागल्या, तिसऱ्यांदा जमलं. खोलीत इंटरनेट नव्हतं, मोबाइल घरात चार्जिंगला होता. समोर भिंतीवरच्या घड्याळात बघून तिने वेळ भरली.

"आता वीज राहो नाहीतर जावो," तिने दोघांना बजावलं. "ज्याच्या वेळात दार उघडं सापडेल, त्याने पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. मग तो कुणी का असेना."

"माझ्याकडे बघूनच बोलतेयस," धाकटा म्हणाला.

आठवडाभराने तिने नोंदी काढल्या. दार रोज दोन वाजून दोन मिनिटांच्या आसपास उघडलेलं. सहा मिनिटं सताड उघडं. काकू तर तेव्हा बसमध्ये.

धाकटा आला तशी तिने हात पुढे केला. "किल्ली दे."

"ताई, मी दाराला हातसुद्धा लावत नाही गं."

"संगणकाला तुझ्याशी काय वैर आहे?"

"त्याला नसेल. पिल्लं मेली तरी मी, कौल फुटलं तरी मी. तुला आधीपासून माहीतच होतं ना?" त्याने किल्ली अंड्यांच्या ट्रेवर ठेवली आणि चालत निघून गेला. बसची वाटसुद्धा पाहिली नाही त्याने. रात्री ताईने दोनदा फोन लावला. त्याने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी ती स्वतःच आली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते आणि काकू मशीनपाशीच होत्या.

"अहो काकू, दोन वाजले. बस जाईल तुमची."

काकूंनी मशीनचं दार सताड उघडलं आणि आत फडकं घातलं. "कुठले दोन? अजून दहा मिनिटं आहेत. माझी बस चुकू नये म्हणून तुम्हीच नाही का ते भिंतीवरचं घड्याळ पुढे करून ठेवलंत?"